संगणकाचे माजघर

विजेचे बिल भरावयाचे, रेल्वेचे तिकीट काढावयाचे, उत्पन्नाचा दाखला मिळवावयाचा, निवृत्तिवेतन जमा झाले की नाही ते पाहावयाचे, ह्या साऱ्या कामांसाठी पूर्वी निरनिराळ्या कचेऱ्यांच्या खिडक्यांपुढे रांगा लावाव्या लागत. आज ह्यांतली बरीचशी कामे आपण घरबसल्या करतो. मोबाइलच्या काचेवर एक पान उघडते, आपण नाव आणि परवलीचा शब्द देतो, आणि थोड्याच वेळात ‘आपली रक्कम मिळाली’ असे उत्तर येते. काम झाले की आपण ते विसरूनही जातो. नळाला पाणी आले म्हणजे धरणाची आठवण काढीत कोण बसतो? परंतु एखाद्या दिवशी ते पान उघडतच नाही, किंवा खात्यातून पैसे वजा होतात आणि पावती मात्र येत नाही. मग आपण म्हणतो, ‘सर्व्हर डाऊन आहे.’ बँकेतला कारकूनही तेच म्हणतो. आता हे ‘डाऊन’ झालेले नेमके असते काय? पुष्कळदा असे होते की समोरचे पानही ठीक असते आणि आतले खातेपुस्तकही ठीक असते. अडलेले असते ते ह्या दोहोंच्या मधले काहीतरी. त्या मधल्या भागाची ओळख करून घ्यावी, तो सांभाळावयाचा कसा आणि वाढवावयाचा कसा ह्याचा विचार करावा, एवढाच ह्या भाषणाचा हेतू आहे.

जुन्या वाड्याची रचना आपण पाहिली असेल. दिंडी दरवाज्यातून आत आले की चौक, आणि चौकाला लागून ओसरी. आल्यागेल्याने बसावयाची जागा ती. ओसरीच्या मागे माजघर, आणि त्याच्याही आत कोठीची खोली, जिच्यात वर्षाचे धान्य आणि घरातला किडूकमिडूक ऐवज असे. पाहुणा कितीही मानाचा असो, तो उठून सरळ कोठीच्या खोलीत जात नसे. त्याला काय हवे ते ओसरीवर विचारले जाई, निरोप माजघरात जाई, आणि माजघरातले माणूस कोठीतून ती वस्तू काढून बाहेर पाठवी. मोठ्या संस्थेची संगणकव्यवस्था हुबेहूब अशीच असते. जे पान आपल्यापुढे उघडते आणि ज्यावर दहा कामांची दहा दारे एकाच ठिकाणी मांडलेली असतात, त्याला पोर्टल म्हणतात. ही झाली ओसरी. जिथे नोंदी साठवलेल्या असतात तो डेटाबेस; ही झाली कोठी. आणि ह्या दोहोंच्या मध्ये निरोपांची ने-आण करणारा, माणूस ओळखणारा, हिशेब जुळवणारा जो थर असतो, त्याला मिडलवेअर असे नाव आहे. मराठीत त्याला संगणकाचे माजघर म्हणावयास हरकत नाही.

हे माजघर करते तरी काय? पहिले काम ओळखीचे. आपण ओसरीवर एकदा नाव सांगितले की आत दहा खोल्या असल्या तरी प्रत्येक दाराशी पुन्हा नाव विचारले जाऊ नये, आणि ज्या खोलीत जाण्याचा आपल्याला अधिकार नाही तिचे दार मात्र उघडू नये, हे तेच पाहते. दुसरे काम व्यवहार पुरा करण्याचे. आपल्या खात्यातून बाराशे रुपये कमी झाले आणि वीज कंपनीच्या खात्यात बाराशे जमा झाले, ह्या दोन नोंदी झाल्या तर दोन्ही व्हाव्यात, नाहीतर एकही होऊ नये. अर्धा व्यवहार हा व्यवहार नव्हे. म्हणून माजघर आधी दोन्ही बाजूंना विचारते, ‘तयार आहात का?’ दोघांनी हो म्हटले तरच नोंद पक्की होते. तिसरे काम निरोप सांभाळण्याचे. पलीकडचे यंत्र बंद असले तर निरोप फेकून न देता, टपालपेटीतल्या पत्रासारखा जपून ठेवावयाचा आणि यंत्र सुरू झाले की क्रमाने पोचवावयाचा. आणि चौथे काम गर्दी आवरण्याचे. ह्या चौथ्या कामाबद्दल पुढे थोडे विस्ताराने सांगावे लागेल, कारण बहुतेक दुखणी तिथेच असतात.

मिडलवेअर हा शब्द काही कालपरवाचा नाही. १९६८ च्या ऑक्टोबर महिन्यात पश्चिम जर्मनीतल्या गार्मिश गावी नाटो संघटनेच्या वतीने सॉफ्टवेअरच्या शास्त्रावर एक परिषद भरली होती. तिच्या अहवालात तो आढळतो. त्याच सुमारास आयबीएम कंपनीने वीज, गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांच्या ग्राहकांची माहिती हाताळण्यासाठी एक प्रणाली तयार केली. ती १९६९ साली सीआयसीएस ह्या नावाने बाजारात आली, आणि आजही जगातल्या कित्येक मोठ्या बँकांचे व्यवहार तिच्याच नव्या आवृत्त्यांवर चालतात. म्हणजे विजेच्या बिलापासूनच ह्या विद्येची सुरुवात झाली म्हणा ना! पुढे १९९० नंतर वेब आले, आणि घरातल्या साध्या संगणकावरून कोठीपर्यंत निरोप धाडण्याची गरज एकाएकी वाढली. १९९९ साली सन कंपनीने जावा भाषेवर आधारलेली जेटूईई नावाची नियमावली प्रसिद्ध केली. अशा माजघराने कोणत्या सेवा द्याव्यात आणि त्या कशा मागाव्यात, हे तिने ठरवून दिले. वेबलॉजिक, वेबस्फिअर ही नावे त्याच पिढीतली. पाठोपाठ पोर्टले आली. एका पानावर अनेक कामांचे चौकोन मांडावयाचे आणि प्रत्येक चौकोन हा स्वतंत्र छोटा कार्यक्रम असावयाचा, ही त्यांची कल्पना. ह्या छोट्या कार्यक्रमाला पोर्टलेट म्हणतात. निरनिराळ्या कंपन्यांच्या पोर्टलांत तो सारखाच बसावा म्हणून २००३ साली जेएसआर १६८ हे मानक ठरले, आणि २००८ साली त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली.

एक गोष्ट मात्र ह्या इतिहासात लक्षात ठेवण्यासारखी आहे. ही विकत घेतलेली माजघरे हात बदलत राहतात. वेबलॉजिक १९९८ साली बीईए कंपनीने घेतले आणि २००८ साली ती अख्खी बीईए ऑरेकलने घेतली. आयबीएमचे पोर्टल २०१९ साली आपल्याकडच्या एचसीएल कंपनीकडे आले. आयबीएमची अशी अनेक उत्पादने मिळून तो सौदा एक अब्ज ऐंशी कोटी डॉलरांचा होता. वस्तू तीच, पण मालक नवा, नाव नवे, आणि पुढे काय वाढवावयाचे व काय बंद करावयाचे ह्याचे धोरणही नवे. ज्या बँकेने किंवा सरकारी खात्याने आपला सारा कारभार त्या वस्तूवर उभारला, त्याला ह्या बदलाबद्दल कोणी विचारीत नाही. म्हणून वस्तू घेतानाच असा विचार करून ठेवावा लागतो, की उद्या ही बदलली तर आपले काय आणि तिचे काय, हे वेगळे करून दाखवता येईल का? हा प्रश्न मनात असू द्या. आपण त्याच्याकडे पुन्हा येणार आहोत.

आता गर्दीविषयी. डेटाबेसशी नवी जोडणी उघडावयाला वेळ लागतो. दर ग्राहकागणिक नवी जोडणी उघडू लागले तर कोठीचे दारच मोडावयाचे. म्हणून माजघर काही जोडण्या, समजा पन्नास, आधीच उघडून ठेवते. पूर्वी गावोगाव भाड्याने सायकली देणारी दुकाने असत, तसाच हा प्रकार. कार्यक्रमाने सायकल न्यावी, काम करावे, परत आणून लावावी. तीच दुसऱ्याला मिळते. पन्नास सायकलींवर हजारो लोकांची कामे होतात, कारण एकेकाला ती क्षणभरच लागते. पण एखादा कार्यक्रम आळशी लिहिलेला असतो. तो सायकल नेतो, मधेच काही चूक झाली की वाटेत टाकून देतो, परत करीतच नाही. सकाळी एक गेली, दुपारपर्यंत वीस गेल्या, आणि संध्याकाळी पाच वाजता, नेमक्या गर्दीच्या वेळी, दुकानात एकही सायकल नाही! बाहेर माणसे ताटकळतात. कोठी शाबूत आहे, ओसरी शाबूत आहे, आणि तरीही काम ठप्प आहे. मग कोणीतरी यंत्र बंद करून पुन्हा चालू करतो. सगळ्या सायकली एकदम परत आल्यासारखे होते, लोक खूश होतात, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता तेच घडते.

कोणी म्हणेल, पन्नासाच्या ठिकाणी पाचशे ठेवा. त्याने दुखणे पुढे ढकलले जाते, बरे होत नाही. आणि कोठीतल्या माणसाला एका वेळी पाचशे मागण्या झेपत नसतील तर आणखीच बिघडते. खरा उपाय म्हणजे कोणता कार्यक्रम सायकल परत करीत नाही तो शोधून काढणे. त्यासाठी माजघरातल्या नोंदवह्या, ज्यांना लॉग म्हणतात, त्या वाचाव्या लागतात. त्या नोंदी रोज लिहिल्या जातात खऱ्या, पण वाचतो कोण? व्यवस्थापनाचे निम्मे शहाणपण ह्या वाचण्यात आहे.

दुसरा असाच प्रकार वाट पाहण्याचा. पोर्टलच्या पानावर आपल्या खात्याची माहिती, सूचनाफलक, आणि एका कोपऱ्यात दुसऱ्या कोणत्या तरी संस्थेकडून येणारे परकीय चलनाचे भाव, असे तीन चौकोन आहेत अशी कल्पना करा. एके दिवशी त्या दुसऱ्या संस्थेचे यंत्र उत्तरच देईनासे झाले. माजघरातला जो सेवक ते भाव आणावयाला गेला तो तिथेच उभा. त्याच्यामागून दुसरा, तिसरा. असे सगळे सेवक भावांची वाट पाहत उभे राहिले की ज्याला फक्त आपली शिल्लक पाहावयाची आहे त्याचेही पान उघडत नाही. म्हणून जाणता व्यवस्थापक प्रत्येक बाहेरच्या निरोपाला वेळेची मर्यादा घालून देतो: दोन सेकंद थांबा, उत्तर नाही आले तर तो चौकोन रिकामा ठेवून पान दाखवा. मर्यादा न घातलेला एक किरकोळ चौकोन संपूर्ण बँक बंद पाडू शकतो, हे पुष्कळांना खरे वाटत नाही.

ते खरे वाटावे म्हणून इंग्लंडातल्या टीएसबी बँकेची हकीकत सांगतो. ही बँक अगोदर लॉइड्झ ह्या मोठ्या बँकेचा भाग होती. वेगळी झाल्यावरही तिचा कारभार लॉइड्झच्याच संगणकांवर, भाडे देऊन चालत असे. तिला सबाडेल ह्या स्पॅनिश बँकेने २०१५ साली विकत घेतले, आणि मग साऱ्या ग्राहकांची खाती नव्या प्रणालीवर न्यावयाचे ठरले. ग्राहक बावन्न लाख. २०१८ च्या एप्रिल महिन्यात, एका शनिवार-रविवारी, हे स्थलांतर झाले. गंमत अशी की खात्यांच्या नोंदी सुखरूप पोचल्या. कोठीतला माल पैपर्यंत बरोबर होता. पण सोमवार उजाडेपर्यंत त्या मालापर्यंत जाण्याची वाटच कोलमडली. लोकांना आपल्या खात्यात शिरता येईना. काहींना भलत्याच माणसाचे खाते दिसू लागले. सुमारे एकोणीस लाख लोक खात्याबाहेर अडकून पडले. कुणाचा पगार, कुणाचे घरभाडे, कुणाच्या दुकानाचा मालाचा हप्ता, सगळेच अडले. कारभार पूर्ववत व्हावयाला डिसेंबर उजाडला.

चौकशीत पुष्कळ गोष्टी निघाल्या. त्यांतली एक अशी, की नवी प्रणाली दोन केंद्रांवर मिळून चालावयाची होती, आणि भार सोसण्याची परीक्षा मात्र त्यांतल्या एकाच केंद्रावर घेतली गेली होती. दोन्ही सारखीच, मग दोनदा कशाला पाहावयाचे, असा तो हिशेब. आता दोन यंत्रे सारखी आहेत असे कागदावर म्हणणे सोपे असते. प्रत्यक्षात एकीकडे कोणीतरी एक मांडणी बदललेली असते आणि दुसरीकडे ती बदलावयाची राहून जाते. २०२२ च्या डिसेंबरात तिथल्या नियामक संस्थांनी टीएसबीला चार कोटी साडेशहाऐंशी लाख पौंड दंड केला, आणि पुढल्या वर्षी त्या वेळच्या मुख्य माहिती अधिकाऱ्याला व्यक्तिशः ८१,६२० पौंड भरावे लागले. ज्यांच्याकडून काम करवून घेतले ते खरोखर तयार आहेत की नाहीत ह्याची त्यांनी पुरेशी खात्री करून घेतली नव्हती, हा त्यांच्यावरचा ठपका होता. काम दुसऱ्याकडे सोपवता येते, पण जबाबदारी सोपवता येत नाही.

इथवर सांभाळण्याविषयी झाले. आता वाढवण्याविषयी. विकत घेतलेले पोर्टल कधीच आपल्या मापाचे नसते. एखाद्या सहकारी बँकेने ते घेतले आहे असे समजा. संचालक म्हणतात, सभासदाला त्याचा लाभांश पहिल्याच पानावर दिसला पाहिजे. व्यवस्थापक म्हणतात, पाच लाखांवरच्या व्यवहाराला दोन अधिकाऱ्यांची संमती लागली पाहिजे. लोक म्हणतात, सारे मराठीत हवे. मागण्या रास्तच आहेत. त्या पुऱ्या करण्याचे तीन मार्ग असतात.

पहिला मार्ग, मूळ वस्तूतच ज्या सोयी दिलेल्या आहेत त्यांची मांडणी बदलणे: भाषा कोणती, पान कसे, कोणाला कोणता अधिकार. दुसरा मार्ग, वस्तू बनवणाऱ्यानेच बाहेरच्यांसाठी जी दारे ठेवलेली असतात त्यांतून आपला नवा कार्यक्रम जोडणे. पोर्टलेट हे असेच एक दार. आणि तिसरा मार्ग, मूळ कार्यक्रम उघडून त्याच्या आतल्या ओळीच बदलणे. हा तिसरा मार्ग नेहमी सर्वांत जवळचा वाटतो. दोन ओळी बदलल्या की काम झाले! वाड्याला खोली कमी पडली तर बाजूला पडवी काढता येते. आणि मधली तुळई कापून जागा करूनही घेता येते. तुळई कापली त्या दिवशी काहीच होत नाही. पण पुढे कौले बदलावयाला माणूस वर चढतो, तेव्हा छप्पर कशावर उभे आहे ते त्याला कळत नाही.

लाइफरे नावाचे एक पोर्टल आहे. २००० साली सुरू झालेले, मुक्त स्रोताचे, म्हणजे ज्याच्या आतल्या ओळी कोणालाही वाचता व बदलता येतात असे. त्याच्या रचनेत ही गोष्ट फार स्वच्छ दिसते. त्याच्या साऱ्या मूळ मांडण्या एका लांबलचक फाइलमध्ये लिहिलेल्या असतात. तिला हात लावावयाचा नाही, असा दंडक आहे. आपल्याला जे बदलावयाचे आहे तेवढेच ‘पोर्टल-एक्स्ट’ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहावयाचे. सुरू होताना पोर्टल आधी मूळ फाइल वाचते, मग आपली वाचते, आणि दोघींत मतभेद असेल तिथे आपले ऐकते. संस्थेची मूळ घटना तशीच ठेवून दुरुस्त्यांची पुरवणी जोडावी, तसा हा प्रकार. ह्याचा फायदा काय? फायदा असा, की दहा वर्षांनी नवा माणूस आला तरी एका कागदावर त्याला दिसते, आपण काय काय बदलले आहे. आणि नवी आवृत्ती आली की मूळ फाइल खुशाल टाकून द्यावी आणि आपला कागद तेवढा पुढे न्यावा.

त्याच पोर्टलात पूर्वी वाढीचे निरनिराळे प्रकार होते. ‘हुक’ नावाच्या प्रकाराने ठरलेल्या जागी आपली कडी अडकवता येई. ‘एक्स्ट’ नावाच्या दुसऱ्या प्रकाराने मात्र पोटातल्या भागांनाही हात घालता येई. आणि हा प्रकार अगदी नाइलाज झाला तरच वापरा, असे बनवणारेच सांगत. तरीही अनेकांनी तो वापरला, कारण घाई होती. मग २०१६ साली सातवी आवृत्ती आली. तिची अंतर्गत रचनाच बदलली होती. सगळे पोट छोट्याछोट्या सुट्या भागांत विभागले गेले होते. ज्यांनी ठरलेल्या दारांनीच येजा ठेवली होती त्यांना आपले कार्यक्रम बेताच्या श्रमांत नव्या रचनेवर आणता आले. ज्यांनी पोटात हात घातला होता त्यांना आपण काय बदलले आणि का बदलले, हे जुन्या ओळींतून उकरून काढावे लागले. आणि बदल करणारा माणूस तोवर दुसऱ्या नोकरीवर गेलेला असे.

आणखी एक पळवाट सांगून ठेवतो. पोर्टलेट लिहिणारा कधीकधी कंटाळून म्हणतो, माजघराला निरोप कशाला, मी ओसरीवरून सरळ कोठीतच हात घालतो. तो डेटाबेसमधल्या तक्त्यांतून माहिती उचलतो, वेळप्रसंगी तिथे लिहितोही. काम लवकर होते. पण अधिकाराची तपासणी माजघरात होती, ती चुकली. दोन्ही नोंदी एकदम होण्याची हमी माजघरात होती, तीही गेली. आणि पुढच्या आवृत्तीत तक्त्याचे एक नाव बदलले की तो कार्यक्रम मुकाट्याने चुकीची माहिती दाखवू लागतो. बंद पडणाऱ्या यंत्रापेक्षा चुकीचे सांगणारे यंत्र अधिक घातक, हे सांगावयास नकोच.

आता आपण विचाराल, हा सगळा सोवळेपणा कशासाठी? नव्या आवृत्तीवर गेलेच नाही तर? चालते आहे ते चालू द्यावे. हा विचार अगदी स्वाभाविक आहे, आणि ह्याच विचाराने फार मोठे नुकसान केले आहे.

अमेरिकेत इक्विफॅक्स नावाची कंपनी आहे. कोणी कर्ज घेतले, फेडले की थकवले, ह्या नोंदी ठेवणे हा तिचा धंदा. आपल्या नोंदीत काही चूक असेल तर लोकांनी तक्रार करावी म्हणून तिने एक पोर्टल ठेवले होते. ते अपाचे स्ट्रट्स नावाच्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या मधल्या सॉफ्टवेअरवर उभे होते. ७ मार्च २०१७ रोजी त्या सॉफ्टवेअरमध्ये एक भोक असल्याचे जाहीर झाले आणि त्याच दिवशी ते बुजवणारी सुधारणाही फुकट उपलब्ध झाली. कंपनीत दोन दिवसांत पत्र फिरले, की अठ्ठेचाळीस तासांत ही सुधारणा लावा. पण पत्र ज्यांना धाडावयाचे त्यांची यादी जुनी होती. ज्याच्या हाती ते पोर्टल होते त्या माणसापर्यंत ते पोचलेच नाही. मे महिन्याच्या मध्यावर चोर त्या भोकातून आत शिरले आणि जुलै अखेरपर्यंत निवांत माल नेत राहिले. जाणारा-येणारा निरोप तपासणारे एक यंत्र तिथे होते. पण त्याच्या प्रमाणपत्राची मुदत कित्येक महिन्यांपूर्वीच संपली होती, म्हणून ते आंधळे झाले होते. २९ जुलैला प्रमाणपत्र बदलले, आणि त्याच दिवशी चोरी दिसली! तोवर सुमारे चौदा कोटी सत्तर लाख माणसांची नावे, जन्मतारखा, सामाजिक सुरक्षा क्रमांक गेले होते. परवलीचा शब्द बदलता येतो हो, जन्मतारीख कशी बदलावयाची? २०१९ साली ठरलेल्या तडजोडीत कंपनीवर सत्तर कोटी डॉलरांपर्यंतचा बोजा पडला. सुधारणा मात्र पहिल्या दिवसापासून फुकट होती.

दुसरे उदाहरण डिसेंबर २०२१ चे. वर ज्या नोंदवह्यांचा उल्लेख केला त्या लिहिण्यासाठी लॉगफोरजे नावाचे एक छोटे साधन असंख्य जावा कार्यक्रमांच्या पोटात असते. त्यात असा दोष सापडला, की बाहेरच्या माणसाने एक विशिष्ट मजकूर लिहून पाठवला आणि तो नोंदवहीत उतरला, की यंत्र त्याच्या ताब्यात जाई. धोका मोजण्याच्या दहा गुणांच्या पट्टीवर त्याला दहापैकी दहा गुण मिळाले. सुधारणा लगेच निघाली. तीत उणीव दिसली म्हणून दुसरी निघाली. त्या एका महिन्यात लागोपाठ चार आवृत्त्या निघाल्या. जगभरच्या संस्थांपुढे पहिला प्रश्न होता, हे साधन आपल्याकडे आहे तरी कुठे? कोणत्या पोर्टलात, कोणत्या माजघरात, कोणाकडून घेतलेल्या कोणत्या वस्तूच्या पोटात? ज्यांच्याकडे यादी होती त्यांनी दोन दिवसांत काम उरकले. ज्यांच्याकडे नव्हती ते आठवडेच्या आठवडे शोधत राहिले.

आता मघाच्या प्रश्नाकडे येऊ. आपले काय आणि विकत घेतलेले काय, हे वेगळे करून दाखवता येईल का? ज्याने तुळई कापलेली आहे त्याला सुधारणा आली तरी ती लावण्याची भीती वाटते. ती लावली तर आपण मध्ये घातलेल्या ओळी पुसल्या जातील, लाभांशाचा चौकोन बंद पडेल, सभासद ओरडतील. म्हणून तो थांबतो. आज थांबतो, महिनाभर थांबतो, आणि भोक तसेच उघडे राहते. म्हणजे कोणतीही वाढ योग्य दारातून करणे हा निव्वळ टापटिपीचा प्रश्न नाही. संकटाच्या दिवशी अठ्ठेचाळीस तासांत दुरुस्ती लावता येईल की नाही, हे चार वर्षांपूर्वी ती वाढ कशी केली ह्यावर ठरते.

आपण स्वतः ह्या व्यवसायातले नसाल, पण एखाद्या पतपेढीचे संचालक, एखाद्या शिक्षणसंस्थेचे विश्वस्त, एखाद्या नगरपालिकेचे सभासद असू शकाल. दाखले मागावयाला येणारा माणूस आता आपल्या ओसरीवर येतो, आणि २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क त्याला दिलेला आहे. तेव्हा पुढच्या सभेत कंत्राटदाराला पाच प्रश्न जरूर विचारा. आपल्या माजघरात कोणकोणती सॉफ्टवेअरे आहेत, कोणत्या आवृत्तीची, ह्याची यादी आहे का, आणि ती शेवटची कधी तपासली? धोक्याची सुधारणा आली तर ती लावावयाला किती दिवस लागतील, आणि तो निरोप कोणाच्या नावाने येतो? आपण केलेले बदल मूळ वस्तूपासून वेगळे ठेवलेले आहेत का? प्रमाणपत्रांच्या मुदती कुठे लिहून ठेवल्या आहेत? आणि गर्दीची रंगीत तालीम खऱ्या यंत्रांवर, सर्वच्या सर्व यंत्रांवर, झाली आहे का? ह्यांतला एकही प्रश्न विचारावयाला संगणकाचे शिक्षण लागत नाही. उत्तर देताना समोरचा चाचरला तर ते मात्र कोणालाही ओळखता येते.

शेवटी एक गोष्ट खर्चाची. नवे पान, नवा रंग, नवे चिन्ह ह्यांना मंजुरी चटकन मिळते, कारण ते उद्घाटनाच्या दिवशी दिसते. माजघराच्या डागडुजीला मंजुरी मागावयाला गेले की विचारतात, ह्याने नवीन काय दिसेल? नवीन काहीच दिसणार नाही, हेच त्याचे खरे उत्तर. आज पुण्याच्या हिंजवडीत बसून सातासमुद्रांपलीकडच्या बँकांच्या माजघराची रात्रपाळी करणारे कितीतरी मराठी तरुण आहेत. त्यांचे काम नीट झाले तर त्या रात्री कुठेच काही घडत नाही, आणि सकाळी कोणीतरी म्हातारा माणूस चहा घेताघेता आपले निवृत्तिवेतन जमा झाल्याचे पाहतो व मोबाइल बाजूला ठेवतो. अंदाजपत्रकात ह्या कामाची एक ओळ दरवर्षी असावी, आणि काटकसरीच्या वर्षी ती सर्वांत आधी खोडली जाऊ नये, एवढे आपण सभेत पाहिलेत तरी पुष्कळ झाले.